आमची वाटचाल (खरं तर हिची)

मुलगा दोन वर्षं मागे लागलाय, पप्पा आपल्या मसाल्याची वाटचाल लिहून द्या, गिऱ्हाईक विचारतं. मी म्हणायचो तुझ्या आईला विचार, तिला सगळं पाठ आहे, आणि ती म्हणायची मला मिरच्यांचे देठ काढायचेत, तुम्हीच लिहा, तुम्हाला दुसरं काय काम आहे. असं करत राहून गेलं. गेल्या श्रावणात ही गेली. आता तारखा विचारायला कोणी नाही म्हणून मीच बसलोय, चुकलं तर लालबागची जुनी गिऱ्हाइकं सांगतीलच.

धंदा करायचा असं ठरवून काही झालं नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होतो. अडीच लाखाच्या आसपास कामगार एकदम घरी बसला. दोन महिन्यात मिटेल म्हणत वर्ष गेलं, चाळीतली निम्मी बिऱ्हाडं गावाला निघून गेली, मी पण म्हणालो चला आपणही जाऊ सिंधुदुर्गात. ही म्हणाली, जाऊन खायचं काय, फणस? आणि गेली नाही. पोरगा चार वर्षांचा, मुलगी अंगावर पिणारी.

शेजारच्या एका मावशींना उन्हाळ्यात मसाला करून हवा होता, त्यांचं सामान, हिची मेहनत. १९८३ चा एप्रिल असेल. मिरच्या चाळीच्या गच्चीवर वाळवल्या, स्टोव्हवर एकेक जिन्नस वेगळा भाजला, डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, कुटून आणला. किलोमागे दोन रुपये मिळाले. त्या मावशींच्या जावेने मागितला, मग जावेच्या शेजारणीने, अशी ती साखळी. मी काय करत होतो? गोणी उचलत होतो आणि डंकावर नंबर लावून उभा राहत होतो. हे स्पष्ट लिहितोय कारण बोर्डावर नाव माझं आहे, लायसन्सवर फोटो माझा आहे, आणि लोक मला "शेठ" म्हणतात.

मालवणी मसाल्यात वीसेक जिन्नस असतात, ते सगळ्यांनाच माहीत आहेत, त्यात गुपित काही नाही. मिरच्यांत बेडगी रंगाला, लवंगी तिखटाला, संकेश्वरी दोन्हीच्या मधे. धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर, बाद्यान, जायपत्री वगैरे. हळकुंड तेलात टाकलं की फुगतं, तेव्हाच काढायचं. दगडफुलात वाळू असते, ती निघाली नाही तर कालवणात दाताखाली कचकन येते, म्हणून ते हिने कधी दुसऱ्या कोणाला निवडू दिलं नाही. पण खरी गोष्ट मिरचीच्या वाळण्याची. ओलसर मिरची डंकात चिकटते, मसाल्याच्या गुठळ्या होतात आणि पावसाळ्यात बरणीत जाळं धरतं. ही मूठभर मिरच्या कानाशी नेऊन हलवायची. आतल्या बिया खुळखुळ वाजल्या पाहिजेत. मग एक मोडायची, कडक् असा आवाज आला तर ठीक, नुसती वाकली तर परत गच्चीवर.

१९९४ ला भाड्याने गाळा घेतला, दोन वर्षांनी स्वतःचा डंक बसवला. त्या मधल्या वर्षांचं फार सांगण्यासारखं नाही, कर्ज होतं, फेडलं, मुलीचं लग्न केलं. मुलीच्या बाळंतपणाला ही दीड महिना गेली तेव्हा मी फुशारकीने म्हटलं मी बघतो सगळं, आणि खसखस करपवली. लक्षात येईपर्यंत ती चाळीस किलोत मिसळून झाली होती. आल्यावर हिने चिमूटभर जिभेवर ठेवला, काही बोलली नाही, सगळा मसाला बाजूला काढून ठेवला आणि गिऱ्हाइकांना स्वतः फोन करून सांगितलं की यंदा आठ दिवस उशीर होईल. आमचं त्या वर्षीचं नफ्याचं गणित तिथेच संपलं.

पुढे फूड लायसन्स आलं, नोटबंदीत महिनाभर उधारीवर माल दिला, जीएसटी आला, हे सगळं मुलाने सांभाळलं. मार्च २०२० ला मात्र कंबर मोडली. आमचा धंदा म्हणजे मार्च ते मे, आणि नेमकं त्याच वेळी लॉकडाऊन. गोणी भरून पडलेल्या, गिऱ्हाईक घरात, डंक बंद.

२०२१ च्या एप्रिलमध्ये हिला कोरोना झाला. ताप चार दिवसात उतरला पण वास गेला तो आलाच नाही. मसालेवालीचं नाक गेलं म्हणजे काय ते तुम्हीच समजा. लवंग भाजताना नेमकी कधी काढायची ते हिचं नाक सांगायचं. पहिल्या दिवशी कढईसमोर बसली, डबे उघडून उघडून हुंगले, हिंगाचा सुद्धा, मग उठून आत गेली. जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी नातीला बोलावलं. ती तेव्हा बारावीला, कॉलेज मोबाईलवरच. म्हणाली, "तू माझा नाक हो." नात वास घेऊन सांगायची, आता गोड येतोय आजी, आता थोडा जळका, आणि ही सोडा किंवा काढा म्हणायची. आणि मिरचीचं काम हिच्या कानावर. "मिरची बोलता गो, ऐक," असं नातीला सांगायची, घरात आम्ही एरवी मालवणी फार बोलत नाही पण कामात असली की हिच्या तोंडी तेच यायचं.

त्याच सीझनला एका व्यापाऱ्याने दहा गोणी बेडगी पाठवली. फोटो एक नंबर, लालभडक, सुरकुत्या बघत राहाव्या अशा. मी घासाघीस करून भाव पाडून घेतलेला त्यामुळे मी खुशीत. हिने गोणीत हात घातला, मूठ कानाशी नेली आणि म्हणाली परत पाठवा. मी चिडलो, वास येत नाही तर मिरची कशी कळणार तुला, असं बोलून गेलो. बोलायला नको होतं. गोणी मधोमध फाडली तर आत पांढरी बुरशी, वजन वाढवायला पाणी मारलेलं. व्यापाऱ्याने माल परत घेतला, गाडीभाडं मात्र आमच्याच डोक्यावर.

नात पुढे फूड टेक्नॉलॉजीला गेली आणि ओलावा मोजायचं मीटर घेऊन आली. अख्ख्या मिरचीत ११ टक्क्यांच्या वर ओलावा नको असा नियम आहे. दोघींची पैज लागायची, आधी आजीचा कान, मग मीटर. बहुतेक वेळा जुळायचं. एकदा हिने पास केलेली मिरची मीटरने तेरा दाखवली, मोडून बघितली तर मीटर बरोबर. दोन दिवस ही नातीशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, ते मशीन कितीला मिळतं, अजून एक आणून ठेवा.

झोपेतच गेली, त्रास झाला नाही. आदल्या संध्याकाळी गाळ्यावर होती, हाताची आग होते म्हणून खोबरेल चोळत बसली होती, देठ काढून काढून झालेली. ती बाटली अजून गल्ल्याशेजारी आहे, मी हलवत नाही.

हिची वही आता नात बघते. त्यात भाव कमी आणि माणसंच जास्त लिहिलीत. "परळच्या काकू, लवंगी अर्धी, नातवाला दमा." "डोंबिवली, खोबरं घालू नये." एका पानावर नुसतं "हे पैसे मागू नका" आणि खाली नाव, का ते मला माहीत नाही, मी मागितले नाहीत.

यंदाचा सीझन १ मार्चपासून सुरू करतोय. भाजायला नात बसेल, शेजारी मीटर असेल, पण गेल्या आठवड्यात नमुन्याची मिरची आली तर तिने आधी मूठ कानाशीच नेली. स्वतःचे धणे आणणाऱ्यांनी निवडून आणावेत ही विनंती. काड्या निघाल्या तर ही परत पाठवायची, आम्हीही पाठवू.