पोटगी गेली, घर राहिलं

दर महिन्याला माझ्या हातून एक-दोन पत्रं तरी जातात. भारतात घटस्फोट झालेलं कुणी ऑन्टारिओत दुसरं लग्न करायला निघालं, की लग्नाच्या परवान्यासाठी इथल्या वकिलाचं मत जोडावं लागतं: हा परदेशी घटस्फोट कॅनडाच्या डिव्होर्स अॅक्टच्या कलम २२ खाली ग्राह्य धरता येईल. परवाना द्यायचा प्रांताने, पण आधीचं लग्न मोडलं की नाही हे बघायचं फेडरल कायद्यात. १८६७ च्या घटनेने घटस्फोट ओटावाला, म्हणजे केंद्र सरकारला, दिला आणि लग्न 'लावणं' प्रांतांकडे ठेवलं. मी आईला सांगितलं होतं, भटजी एकाचा आणि काडीमोड दुसऱ्याचा. ती म्हणाली, "मग भांडीकुंडी कुणाची?" नेमका प्रश्न. मालमत्ता प्रांताची.

ते पत्र लिहायला मला वीस मिनिटं लागतात. गेल्या हिवाळ्यात तेच कलम माझ्यावर उलटलं.

ती ब्रॅम्प्टनमधल्या एका वेअरहाउसची शिफ्ट संपवून, पायात सेफ्टी बूट तसेच ठेवून आली. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.) पुण्यातल्या साडीच्या दुकानाच्या पिशवीत सगळे कागद. लग्न पुण्यात, संसार इथे सात वर्षं, मुलगा नऊ वर्षांचा. नवरा आईच्या आजारपणाचं निमित्त करून पुण्याला गेला आणि तिकडेच राहिला. दीडेक वर्षाने त्याने शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात दावा लावला. समन्स इथे घरी आलं. ही गेली नाही, वकीलही दिला नाही. एकतर्फी हुकूमनामा झाला.

का गेली नाहीस? "सगळे म्हणाले, इंडियाचा डिव्होर्स इथे चालतच नाही."

हे 'सगळे' मला एकदा भेटायला हवे आहेत. परदेशी घटस्फोट भारतात सहजासहजी चालत नाही, असा सुप्रीम कोर्टाचा १९९१ चा निकाल आहे. लोकांनी तो मोज्यासारखा उलटा केला आणि घालून फिरतात. कॅनडा उलट फार उदार आहे. दोघांपैकी एक जण दावा लावण्याआधी वर्षभर त्या देशात राहत असला, की कलम २२ ला पुरतं. नवरा तर दीड वर्ष राहिला होता.

एक फट उरते. नोटीसच मिळाली नसेल तर असा घटस्फोट नाकारता येतो. मी मोठ्या आशेने विचारलं. तिने फोन काढून नवऱ्याला पाठवलेला मेसेज दाखवला: "कागद मिळाले. मी येणार नाही. काय करायचं ते करा." मी फोन तिच्या हातात परत दिला.

"ताई, मग माझी पोटगी?"

इथे मला पाणी प्यावं लागलं. घटस्फोटितेची पोटगी डिव्होर्स अॅक्टमध्ये येते ती घटस्फोटाचं शेपूट म्हणून. कॅनडाच्या कोर्टाने घटस्फोटच दिला नाही, तर शेपूट लावायचं कशाला? मग प्रांताचा फॅमिली लॉ अॅक्ट. त्यातही पोटगी आहे, पण ती 'स्पाउस'ला, आणि ऑन्टारिओच्या व्याख्येत माजी जोडीदार बसत नाही. आमच्या अपील कोर्टाने २००७ मध्ये हे स्पष्ट केलं. ब्रिटिश कोलंबियाच्या कायद्यात 'स्पाउस'मध्ये माजी जोडीदारही येतो, एका ओळीत लिहिलं आहे. आमच्या विधिमंडळाला ती ओळ अजून सुचलेली नाही. पुण्यातली शाळेची नोकरी सोडून नवऱ्यामागे आलेली बाई दोन कायद्यांच्या मधल्या भेगेत पडते, आणि दोन्ही कायदे आपापल्या जागी बरोबर असतात.

मुलाचा खर्च मात्र प्रांताच्या कायद्याखाली मागता येत होता. त्याला बाप असणं पुरतं, नवरा असणं लागत नाही. घरही होतं. नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर, पण दोघांचा शेवटचा एकत्र मुक्काम ऑन्टारिओत, म्हणून मालमत्तेला इथलाच कायदा. त्याच २००७ च्या निकालाने हा दरवाजा उघडा ठेवला आहे. फक्त मुदत: घटस्फोटापासून दोन वर्षं किंवा वेगळं झाल्यापासून सहा, जे आधी संपेल ते. मी हुकूमनाम्यावरची तारीख पाहिली, कॅलेंडर पाहिलं. एकोणीस दिवस.

त्या एकोणीस दिवसांचा मला अजून अभिमान आहे. अर्जाचा फॉर्म ८ सोपा. जीव खातो तो १३.१, संपत्तीचं प्रतिज्ञापत्र. वेगळं झाल्या दिवशी काय होतं ते सगळं त्यात आकड्यांत हवं: घराची किंमत, त्यावरचं कर्ज, गाडी, तिचे लग्नातले दागिनेसुद्धा. बँकेची चार वर्षांपूर्वीची स्टेटमेंटं तिने शिफ्टच्या सुट्टीत रांगा लावून आणली. तिच्याइतकी शिस्त माझ्या निम्म्या उच्चशिक्षित अशिलांत नाही. तरी आमच्याच घाईत शेवटच्या पानावर शपथेची तारीख राहिली आणि अर्ज परत आला. दुसऱ्यांदा लागला तेव्हा सहा दिवस शिल्लक होते.

त्या संध्याकाळी ती म्हणाली, "तुम्हाला आठवत नसेल ताई. मी तुम्हाला आधी एकदा विचारलं होतं."

आठवलं. गणपतीत, जेवणाच्या रांगेत. माझ्या हातात मोदकाची प्लेट. तिने समन्सचं सांगितलं आणि मी म्हणाले होते, "पुण्याची केस ना? मग तिकडचा वकील गाठ."

तेव्हा हुकूमनामा व्हायला पाच महिने होते. त्या पाच महिन्यांत तिने इथे, प्रांताच्या कायद्याखाली, पोटगीचा साधा आदेश मिळवला असता, तर कलम ३६ प्रमाणे तो घटस्फोटानंतरही चालू राहिला असता, घटस्फोटाच्या दाव्यात पोटगीचा निकाल झाला नसेल तर. पुण्याच्या हुकूमनाम्यात पोटगीबद्दल अवाक्षर नाही. मी तो तीनदा वाचला.

ती तेव्हा माझी अशील नव्हती. भागीदार म्हणतो, रांगेत दिलेल्या सल्ल्याचं कोण धरतं. त्याचं कायद्याने बरोबर आहे. मी तिला कलम ३६ समजावून सांगितलं, माझं वाक्यही सांगितलं. तिने पिशवीची नाडी ओढली आणि पार्किंगचे किती द्यायचे ते विचारलं.

पोटगीची एकच वाट उरली होती. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली हुकूमनाम्यानंतरही कायमची पोटगी मागता येते, पण ती पुण्याच्या कोर्टात. मी पिवळ्या चिठ्ठीवर तिथल्या एका वकीलबाईंचं नाव आणि नंबर लिहून दिला.

तिने चिठ्ठी वाचली. "म्हणजे तिकडचाच वकील गाठायचा," म्हणाली.