आक्काचा गुडघा आणि ओसरीतल्या खडूच्या रेघा

लीड्सला परत येऊन पंधरा दिवस झाले. रोज दुपारी दोनच्या सुमारास, म्हणजे तिकडे साडेसहा वाजता, अमळनेरहून फोनवर एक फोटो येतो. फोटोत माणूस नसतो. ओसरीची शहाबादी फरशी असते, लाकडी खुर्चीचे दोन पाय असतात आणि फरशीवर खडूच्या रेघा असतात, प्रत्येक रेघेशेजारी तारीख. मी चहाचा कप बाजूला ठेवून आधी शेवटची रेघ शोधते.

ती रेघ माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या टाचेची.

फाल्गुनात जळगावला तिचा उजवा गुडघा बदलला. मी सहा आठवड्यांची रजा काढून गेले होते. माझा डावा गुडघा दोन वर्षांपूर्वी इथे इंग्लंडमध्ये बदललेला, त्यामुळे घरात या विषयातली जाणकार मीच, असं सगळ्यांनी धरलेलं. ऑपरेशनबद्दल इथे फार लिहीत नाही. ते काम डॉक्टरांचं असतं आणि तासा-दीड तासात होतं. झिजलेल्या हाडांच्या टोकांवर धातूच्या टोप्या बसतात, मधे टणक प्लास्टिकची चकती येते. खर्चाची चौकशी बरेच जण करतात म्हणून एवढंच सांगते, की २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला तेव्हा ५४,७२० रुपये आणि वर जीएसटी अशी कमाल किंमत ठरली. दवाखान्याचं बिल त्याहून पुष्कळ मोठं होतं, हे वेगळं. पण सांध्याला किंमत असते. नंतरचे सहा आठवडे घरात जे करावं लागतं, ते कुठल्याच बिलात नसतं, आणि माझ्या मते गुडघा खरा तिथे ठरतो.

इथे ऑपरेशनच्या आधीच मला एक कागद भरायला दिला होता. पलंगाची उंची किती, बसायच्या खुर्चीची किती, संडासाच्या भांड्याची किती, सगळं जमिनीपासून मोजून लिहायचं. मी टेप घेऊन घरभर फिरले. तेव्हा वाटलं, गुडघा माझा बदलणार, यांना खुर्चीचं काय? बसकी खुर्ची असेल तर नव्या गुडघ्याने उठताच येत नाही, हे घरी आल्यावर पहिल्या तासात समजलं. ऑपरेशनच्या दिवशीच संध्याकाळी मला उभं केलं होतं, आणि तिसऱ्या दिवशी मी घरी. नवरा सकाळी आठला कामावर जायचा. दिवसभर घरात मी, दोन कुबड्या, आणि गोठवलेल्या मटारच्या दोन पिशव्या, टॉवेलात गुंडाळून गुडघ्यावर आळीपाळीने ठेवायला. भेटायला कुणी नाही. खिडकीबाहेर पाऊस. त्या एकटेपणाने मी फार रडले, पण व्यायाम एकही चुकला नाही. चुकवू दे म्हणणारं कुणी नव्हतंच.

अमळनेरला नेमकं उलटं. गाडी दारात लागली तेव्हा गल्लीतल्या दहा-बारा जणी ओट्यावर उभ्या. आक्काला आत नेऊन निजवलं आणि शेजारच्या मावशींनी पहिलं काम काय केलं, तर एक मऊ उशी दुमडून तिच्या गुडघ्याखाली सारली. "आते बठी ऱ्हाय वं माय, सून शे ना कराले." म्हणजे आता बसून राहा, करायला सून आहे ना.

त्या उशीत केवढी माया होती. आणि गुडघ्याला सगळ्यात मोठा धोका त्याच उशीचा. गुडघ्याखाली उशी घेतली की पाय थोडा वाकलेला राहतो, दुखणं कमी वाटतं, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत सांधा त्या वाकलेल्या अवस्थेत आखडू लागतो. मग पाय पुरता सरळ होत नाही आणि माणूस जन्मभर लंगडू शकतो. उशी हवीच असेल तर टाचेखाली, म्हणजे गुडघा वरून अधांतरी राहून आपल्या वजनाने सरळ होतो. मी उशी काढली तेव्हा मावशी माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. विलायतेत राहून हिचं काळीज दगडाचं झालं, असं त्या सुनेपाशी म्हणाल्या. मला लागलं ते.

पण पहिल्या आठवड्यात असा प्रत्येक प्रसंग मायेचाच होता. कुणी तीळाचं तेल घेऊन आलं चोळायला. कुणी वीट तापवून शेक द्यायला निघालं. टाके ओले असताना जखमेवर तेल नाही, हळद नाही, काही नाही. आणि शेक तर मुळीच नाही: सांधा आधीच सुजलेला आणि गरम असतो, त्याला गार लागतं. शिवाय जखमेच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर झालेली असते, कारण तिथल्या बारीक नसा चिरेत तुटतात. चटका बसला तरी कळत नाही. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, एवढंच. आमच्याकडे दुपारी वीज गेली की फ्रीजमधला बर्फ पाणी व्हायचा. मग ज्यांच्याकडे इन्व्हर्टर होता त्या घरून पोरं डब्यातून बर्फ आणायची. लीड्सला हे सुख नव्हतं.

पथ्याचं तर विचारूच नका. वांगं खाल्लं की टाके पिकतात, डाळ वातूळ, म्हणून आक्काच्या पुढ्यात नुसता वरणाच्या पाण्यातला भात. जळगाव जिल्ह्यात बाईला भरीत बंद! डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर सगळ्यांना ऐकवलं, की असं काही पथ्य नाही, जखम भरायला उलट डाळी-कडधान्यं, दूध, अंडी हवीत, फक्त साखर ताब्यात ठेवा. त्या रात्री कळण्याची भाकरी झाली. कळण्यात ज्वारीबरोबर उडीद असतोच.

एक गोष्ट मात्र माझ्याही लक्षात आली नाही, आणि ती मी मनाला लावून घेतली आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी आक्काला उभं राहिलं की चक्कर येऊ लागली. बाहेर पारा चाळिशीच्या पुढे. चौकशी केली तर ती दिवसाला जेमतेम दोन-तीन पेले पाणी पीत होती. का? संडासाला उठावं लागू नये म्हणून. वॉकर धरायचा, उंबरा ओलांडायचा, परसात जायचं, सुनेला हाक मारायची, या सगळ्याचा तिला संकोच. ऑपरेशननंतर पायातल्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याची भीती असते, म्हणून तर रक्त पातळ ठेवायची औषधं देतात. अंगातलं पाणी कमी झालं तर ती भीती वाढते. त्याच संध्याकाळी भाच्याने कमोडची खुर्ची आणली, आतल्या खोलीत पडदा लावला, आणि दाजींनी उशाशी तांब्या ठेवून किती पेले झाले याची कागदावर नोंद सुरू केली. तुमच्या घरी कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर ही खुर्ची आधी आणा, पेशंट नंतर. आणि हेही घरात सगळ्यांना सांगून ठेवा: पोटरी एकाएकी सुजली, दुखू लागली, धाप लागली, छातीत कळ आली, जखमेतून पाणी येऊ लागलं किंवा ताप चढला, तर सकाळची वाट पाहायची नाही.

खडू आला तो दुसऱ्या आठवड्यात, टाके काढायच्या आदल्या दिवशी. आक्का व्यायाम करायची, पण फिजिओ मोटरसायकलवर बसून गेला की संपलं. "भू दुखस वं," म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करायची. दुखतंच. पहिले दोन-तीन आठवडे रात्री तर असं ठणकतं, की हे ऑपरेशन उगीच केलं असं हमखास वाटतं. मलाही वाटलं होतं. गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी घेतली तर जरा सोपं जातं, पण खरी अडचण दुखण्याची नव्हती. केलेल्या कष्टाचं काही दिसत नव्हतं. आज कालच्यापेक्षा पाय किती वाकला हे तिला कळायचं कसं?

मी लाकडी खुर्ची ओसरीत ठेवली. खुर्चीच्या चारही पायांभोवती खडूने खुणा केल्या, म्हणजे जागा हलणार नाही. आक्काला बसवलं, टाच फरशीवरून हळूहळू मागे ओढायला सांगितली, आणि जिथे थांबली तिथे रेघ मारली. टाच गुडघ्याच्या सरळ खाली आली की नव्वद अंश. तिथे मी एक जाड रेघ मारून ठेवली. पहिल्या दिवशी टाच त्या रेघेच्या चार बोटं अलीकडे थांबली. चालायला साधारण साठ-सत्तर अंश पुरतात, पण जिना आणि खुर्चीतून उठणं नव्वदच्या आसपास मागतं.

ओसरीत रेघा आल्या आणि घराचं वागणंच बदललं. शाळेतून आल्यावर नात दप्तर न उतरवता आधी रेघ बघायची. दाजी मोजायचे, "अजून अर्धं बोट." संध्याकाळी बसायला येणाऱ्या बायकांच्या सतरंज्या मी मुद्दाम ओसरीच्या पार टोकाला अंथरल्या. ज्याला भेटायचं त्याने आक्काच्या खाटेशी यायचं नाही, आक्काच चालत तिकडे येईल. वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला. पहिल्या दिवशी ती सोळा पावलं चालली आणि अकरा बायका श्वास धरून बसल्या होत्या. त्यातल्या एकीनेही "बठी ऱ्हाय" म्हटलं नाही. मावशींनी तर "चाल, आनखी एक डाव" म्हटलं. लीड्सच्या त्या रिकाम्या घरात मला कुणी असं म्हणणारं असतं तर, असं मला त्या क्षणी फार वाटलं.

विसाव्या दिवशी टाच जाड रेघेवर आली. पाचव्या आठवड्यात ती धाब्यावर, म्हणजे गच्चीवर जायचा जिना चढली, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हातात काठी आणि ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडे तिनेच केले. चुलीपाशी मांडी घालून नाही, ते आता करायचं नाही. भाच्याने गॅसची शेगडी आणि त्यावर खापर असं कंबरेच्या उंचीला मांडून दिलं, आणि ती उंच स्टुलावर टेकून हातांवर मांडा वाढवत राहिली. मधेच गुडघ्यात टक् असा आवाज यायचा. धातू आणि प्लास्टिक एकमेकांवर टेकल्याचा तो आवाज, त्याला भ्यायचं नाही. सूज अजून आहे, संध्याकाळी गुडघा गरम लागतो. तीन महिने, सहा महिने, इतका काळ ते चालायचंच.

कालच्या फोटोत नेहमीच्या पांढऱ्या रेघांच्या बाजूला एक निळी रेघ होती, तारीख नसलेली, नव्वदच्या बरीच अलीकडे. मला वाटलं आक्काचा पाय आखडला की काय. घाबरून फोन केला. सून म्हणाली, "नाही हो मावशी, आक्कांची नाही ती. शेजारच्या मावशींची आहे. त्यांचं दिवाळीनंतर ठरतंय ना, म्हणून आज त्याच बसल्या खुर्चीवर."