भुरीच्या दाढा आणि भुलेची तारीख: माझा अनुभव

मांजराच्या दातांच्या दुखण्यावर शस्त्रक्रिया होते आणि ती आता पुण्यात चांगली होते, हे मी आधीच सांगून टाकते. कारण पुढे जे लिहिणार आहे त्यातला बराचसा भाग शस्त्रक्रियेविषयी नसून तिची तारीख मिळण्याविषयी आहे.

आम्ही साताऱ्याला राहतो. आमची भुरी ९ वर्षांची, गावठी, करड्या रंगाची मांजर आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती ताटलीपाशी धावत यायची, वास घ्यायची, एक घास तोंडात घ्यायची आणि ताटलीनेच ओरबाडल्यासारखी फिस्कारून मागे उडी मारायची. भूक तर होती, पण खाता येत नव्हते. कोरड्या खाण्याचे दाणे तोंडाच्या एका बाजूने खाली पडत, पुढच्या पंजांवर वाळलेल्या लाळेचे तपकिरी डाग दिसत आणि स्वतःला चाटणे जवळजवळ बंद झाल्यामुळे पाठीवरचे केस चिकटून राहत. मांजर दुखणे बोलून दाखवत नाही आणि उपाशी असले तरी खिडकीत शांत बसून राहते, म्हणून ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी जेवतानाचे तिचे तोंड रोज पाहावे असे मला कळकळीने वाटते.

साताऱ्यातल्या आमच्या डॉक्टरांनी तिचा ओठ वर उचलून दाखवला. डावीकडच्या खालच्या पहिल्या दाढेवर हिरडीचा लालबुंद कोंभ चढलेला होता आणि तिथे कापसाची काडी नुसती टेकवताच भुरीचा जबडा थरथरू लागला. या रोगाला टूथ रिसॉर्प्शन म्हणतात. माणसाच्या दाताला लागते तशी ही कीड नव्हे. शरीरातल्याच पेशी दाताचा कठीण भाग झिजवत जातात, हिरडी त्या खळग्यात वाढते आणि आतली नस उघडी पडते. हे नेमके कशामुळे सुरू होते ते शास्त्राला अजून पुरते उलगडलेले नाही, मात्र मोठ्या वयाच्या मांजरांत हा रोग पुष्कळ आढळतो आणि खालची पहिली दाढ बहुधा आधी सापडते. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने सूज उतरते आणि मांजर काही दिवस जेवू लागते, पण दात विरघळायचा थांबत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. दातांचा एक्स-रे काढण्याचे यंत्र त्यांच्याकडे नव्हते, म्हणून त्यांनी पुण्यातल्या एका मोठ्या खाजगी प्राणी-रुग्णालयाच्या नावे चिठ्ठी दिली.

त्या रुग्णालयातल्या दंत विभागाच्या डॉक्टरांनी भुरीला तपासले, सर्व दातांचे एक्स-रे आणि त्यानंतर लागतील त्या दाढा काढणे हे एकाच भुलेत करू असे सांगितले आणि आम्हाला तारखेसाठी काउंटरवर पाठवले. खरी अडवणूक तिथून पुढे सुरू झाली.

काउंटरवरचा नियम असा होता की भुलेआधी रक्ताचा रिपोर्ट हवा आणि तो भुलेच्या दिवशी आठ दिवसांच्या आतला असावा. हा नियम मला मान्य आहे. ९ वर्षांच्या मांजराची मूत्रपिंडे ठीक आहेत की नाहीत हे न पाहता भूल देऊ नये. पण दुसरा नियम असा होता की रिपोर्ट फाइलला लागल्याशिवाय भूलतज्ज्ञांची तारीख द्यायची नाही. भूलतज्ज्ञ बाहेरून ठरावीक दिवशीच येत आणि त्यांच्या पुढच्या तारखा नेहमी भरलेल्या असत, त्यामुळे रिपोर्ट दाखवल्यावर मिळणारी तारीख आठ दिवसांच्या पलीकडचीच असे. म्हणजे तारीख हाती येईपर्यंत रिपोर्ट शिळा झालेला असे आणि रक्त पुन्हा द्यावे लागे. मी विचारले, "मग आधी तारीख द्या, रक्त त्याच्या दोन दिवस आधी देते." उत्तर मिळाले, "मॅडम, रिपोर्टशिवाय सिस्टीम तारीख घेत नाही." त्या मुलीचा आवाज सौम्य होता, तिला माझी अडचण कळतही होती, पण नियम बदलणे तिच्या हातात नव्हते आणि ज्यांच्या हातात होते त्यांच्यापर्यंत ती मला पोहोचवत नव्हती.

त्यातच रिपोर्टमध्ये भुरीची साखर वाढलेली आली. फाइलवर मधुमेहाची शंका लिहिली गेली आणि ती दूर होईपर्यंत तारीख थांबवण्यात आली. मांजर घाबरले की त्याच्या रक्तातली साखर तेवढ्यापुरती बरीच चढते, ही पशुवैद्यकातली अगदी ओळखीची गोष्ट आहे, आणि भुरी तर साताऱ्याहून निघाल्यापासून पिंजऱ्यात ओरडत आली होती. खंबाटकीच्या बोगद्यातल्या आवाजाने ती इतकी बिथरली होती की पिंजऱ्याच्या जाळीवर तिने पंजे रक्ताळून घेतले होते. साधारण मागच्या दोन आठवड्यांतली साखर दाखवणारी फ्रुक्टोसामीन नावाची वेगळी तपासणी असते. ती करून शंका फिटली, पण तिचा नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत गेला होता आणि तो रिपोर्ट येईपर्यंत आधीचा रिपोर्ट पुन्हा आठ दिवसांच्या बाहेर गेला. दर वेळी तिच्या मानेवरचे केस काढून, दोघांनी धरून रक्त घेतले जाई, आणि साडेतीन किलोच्या, धड न जेवणाऱ्या जनावराला यातून पुन्हापुन्हा जावे लागत होते. माझा संताप आजही शमलेला नाही.

या मधल्या काळात तिला काहीतरी खाऊ घालणे हेच माझे मुख्य काम झाले होते, म्हणून इथेच एक सूचना लिहिते: मांजर दोन-तीन दिवस पूर्ण उपाशी राहिले, तर त्याच्या यकृतात चरबी साचून ते जिवावर बेतू शकते, तेव्हा एक दिवस काही खाल्ले नाही तरी डॉक्टरांना कळवावे. उकडलेले चिकन हाडे काढून, मीठमसाला न घालता मिक्सरमधून फिरवून कोमट दिले की भुरी ते चाटून खात असे. आणि दुखते म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नये. मांजराच्या शरीराला ते पचवता येत नाही आणि एक गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते.

शेवटी मी काउंटर सोडून रुग्णालयाच्या प्रमुख डॉक्टरांच्या नावे एक पानी अर्ज लिहिला. त्यात रिपोर्टच्या आणि मिळालेल्या तारखा एकाखाली एक मांडल्या, साताऱ्यातल्या डॉक्टरांचे पत्र जोडले आणि एवढेच विचारले की भुलेच्या दिवशी सकाळी इथेच रक्त तपासता येईल का. त्यांनी अर्ज उभ्याउभ्या वाचला आणि म्हणाले, "येईल की. आपल्या मशीनवर अर्ध्या तासात रिपोर्ट मिळतो." ते मशीन त्याच इमारतीत, काउंटरच्या मागच्या खोलीत होते. त्यांच्या सहीनंतर काही मिनिटांत तारीख मिळाली. तो अर्ज मी लिहिला याचा मला अभिमान वाटतो, म्हणून सांगते: अशा ठिकाणी तोंडी विनवण्या करू नयेत, तारखा मांडून लेखी द्यावे, आणि प्रतीवर पोच घ्यावी.

शस्त्रक्रिया विनाअडथळा पार पडली. त्याआधी हृदयाची सोनोग्राफीही झाली, कारण मांजरांत हृदयाचे स्नायू जाड होण्याचा विकार बाहेरून काहीच लक्षण न दाखवता असू शकतो. एक्स-रे पडद्यावर पाहिले तेव्हा हा सगळा आग्रह कशासाठी होता ते समजले. मांजराला एकूण ३० दात असतात. वरून एकच दाढ खराब दिसत होती, पण हिरडीखाली आणखी तीन झिजलेल्या होत्या. ज्यांची मुळे एक्स-रेमध्ये वेगळी दिसत होती त्या मुळासकट काढल्या. एकीचे मूळ जबड्याच्या हाडात विरून गेले होते, तिचा फक्त वरचा भाग कापून हिरडी शिवली. हा निर्णय एक्स-रेशिवाय घेता येत नाही, म्हणून भूल न देता वरवरची दातसफाई करून देतो असे कोणी म्हणाले तर तिथे जाऊ नये. दिसणारा भाग चकचकीत होतो आणि रोग हिरडीखाली तसाच राहतो.

एक राहिले: प्रवासाआधी शांत करणारे गॅबापेंटिन डॉक्टरांना विचारून द्यावे. शेवटच्या फेरीत ते दिले होते, भुरी बोगद्यातून झोपूनच गेली आणि त्या सकाळी तिची साखर अगदी व्यवस्थित आली.

घरी आल्यावर संध्याकाळी ती ताटलीपाशी गेली, थबकली, मऊ खाण्याला जीभ लावून पाहिली आणि ताटली पुसून ठेवावी तशी स्वच्छ केली. त्यानंतर तिने मागचा पाय वर करून अंग चाटायला सुरुवात केली, तेव्हा मला रडू आवरले नाही. हा रोग दुसऱ्या दातांनाही गाठू शकतो, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे. सर्व एक्स-रेच्या प्रती मी पेनड्राइव्हवर मागून घेतल्या आहेत. त्या तुम्हीही घ्याव्यात, मागितल्याशिवाय मिळत नाहीत.

सकाळी रक्त तपासण्याची सोय आहे एवढी एक ओळ काउंटरवरच्या फलकावर लिहावी, अशी विनंती मी त्या रुग्णालयाला लेखी पाठवली आहे. तिचे उत्तर अद्याप आलेले नाही. पुढच्या तपासणीला जाईन तेव्हा अर्जाची प्रत सोबत नेणार आहे.