जुन्या गाडीच्या सीटची दुरुस्ती : उघडणारे भाग आणि धरणारे भाग

माझ्या जुन्या गाडीतील चालकाच्या सीटखालचा दांडा ओढला की मधल्या बाजूचा खटका सुटत असे आणि दाराकडचा मात्र अडून राहत असे. जोर लावला की सीट तिरकी होऊन रुळात रुतत असे. अशा वेळी रूळ खराब झाला असे समजून संपूर्ण सीटच बदलण्याचा सल्ला बऱ्याचदा दिला जातो, परंतु त्याआधी ही यंत्रणा कशी चालते हे समजून घेतले तर दोष बहुतेक वेळा फार लहान जागी सापडतो.

हाताने सरकणाऱ्या सीटखाली दोन रूळ असतात. प्रत्येक रुळाची खालची पट्टी गाडीच्या तळाला बोल्टने जखडलेली असते, वरची पट्टी सीटच्या सांगाड्याला जोडलेली असते आणि दोहोंच्या मध्ये पोलादी गोळ्या किंवा रोलर असतात. दोन्ही रुळांना स्वतंत्र खटका असतो, आणि त्याचे दाते पट्टीतील खाचांमध्ये बसले की सीट जागेवर राहते. दांडा मात्र एकच असतो. कित्येक गाड्यांमध्ये तो एका बाजूचा खटका थेट उचलतो आणि दुसऱ्या बाजूचा खटका एका बारीक तारेने ओढला जातो. दांडा सोडल्यावर दोन्ही खटके आपापल्या स्प्रिंगच्या जोराने परत खाचांत बसतात. माझ्या गाडीत या तारेच्या टोकाची गोळी निघून आली होती आणि तारेचे पीळ सुटले होते. दाते, खाचा आणि रूळ अगदी शाबूत होते.

खटका न उघडणे हा त्रासदायक दोष आहे, पण न मिटणे हा धोकादायक दोष आहे, आणि दुर्दैवाने तो सहज लक्षात येत नाही. स्प्रिंग थकली, जुने ग्रीस धुळीने घट्ट झाले किंवा रुळात एखादे नाणे अडकले, तर एका बाजूचे दाते अर्धवटच बसतात. गाडी उभी असताना सीट स्थिर वाटते. चढावर गाडी पुढे काढताना मात्र ती अचानक मागे सरकू शकते आणि चालकाचा पाय ब्रेकपर्यंत पोहोचत नाही. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा मानक क्रमांक २०७ नुसार सीट आणि तिची जोडणी यांनी सीटच्या वजनाच्या २० पट बल सहन केले पाहिजे. शिवाय सीटबेल्टचे बक्कल सीटलाच जोडलेले असेल, तर अपघातात माणसाला धरून ठेवणारा ताणही याच रुळांतून आणि बोल्टांतून तळापर्यंत जातो.

म्हणूनच मी सीटच्या भागांची एकच विभागणी करतो : उघडणारे आणि धरणारे. दांडा आणि तार हे उघडणारे भाग आहेत. अपघाताचा भार त्यांच्यावर येत नाही, त्यामुळे ते घरी दुरुस्त करण्यास हरकत नाही. दाते, खाचा, पट्ट्या, बोल्ट आणि पाठ तिरपी करणारा सांधा हे धरणारे भाग आहेत. ते झिजले किंवा वाकले असतील, तर त्याच मॉडेलचा सुस्थितीतील भाग बसवावा. दातांवर वेल्डिंग करून भर घालू नये, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने कडक केलेल्या पोलादाचे गुण बदलतात आणि वरून हे मुळीच दिसत नाही.

सीट काढण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे आणि दुरुस्ती पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे. सीटमध्ये एअरबॅग किंवा पट्टा आवळणारी यंत्रणा असू शकते. तिच्या तारांची जोडणी बहुधा पिवळी असते. ती सुटलेली असताना किल्ली फिरवू नये, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागून राहतो. पुढचे बोल्ट उघडे पडण्यासाठी सीट मागे आणि मागच्यांसाठी पुढे न्यावी लागते. सीट अडकलेलीच असेल, तर तुटलेल्या तारेच्या बाजूचा खटका पकडीने ओढून धरावा आणि दुसऱ्या माणसाने सीट सरळ सरकवावी.

नवी तार बसवण्यात खरा वेळ तिची लांबी जुळवण्यात जातो, आणि तो द्यायलाच हवा. तार सैल राहिली तर खटका पुरता उघडत नाही. ती फार ताणली गेली तर दांडा सोडल्यावरही दाते खाचांतून किंचित उचललेले राहतात, म्हणजे दुरुस्तीच्या नावाखाली आपण आधीपेक्षा मोठा धोका निर्माण करतो. सीट उलटी ठेवून मी प्रत्येक खाचेवर दोन्ही बाजू पाहिल्या. दांडा सोडल्यावर दाते तळापर्यंत बसतात आणि तारेत थोडीशी ढिलाई उरते, याची खात्री झाल्यावरच टोक पक्के केले. रुळातील जुने ग्रीस पूर्ण पुसून लिथियम ग्रीसचा पातळ थर दिला. गंज सोडवणारा फवारा साफसफाईपुरता ठीक आहे. वंगण म्हणून तो टिकत नाही.

वीजेवर चालणाऱ्या सीटमध्येही असाच तिरकेपणा येतो. तिथे एकच मोटर दोन लवचीक दांड्यांनी दोन्ही बाजू फिरवते, आणि त्यांपैकी एक दांडा निसटला की एक बाजू मागे राहते.

परत बसवताना सर्व बोल्ट आधी हाताने काही आटे फिरवून घ्यावेत आणि मगच पुस्तिकेतील टॉर्कप्रमाणे, म्हणजे नेमून दिलेल्या पिळाच्या जोराने, आवळावेत. त्याच वेळी बोल्टांभोवतीचा पत्रा गंजला आहे का, हे पाहावे. पत्रा खाल्लेला असेल तर रुळाच्या दुरुस्तीला काही अर्थ उरत नाही.

शेजारच्या सीटचे काम अजून बाकी आहे. तिच्या पाठीच्या सांध्यात दाते झिजल्यामुळे थोडा ढिलेपणा आहे. तो धरणारा भाग असल्याने मी खोललेला नाही, आणि खोलायचा झाल्यास पाठ आधी पूर्ण पुढे झुकवून आतल्या गुंडाळलेल्या स्प्रिंगचा ताण उतरवावा लागेल, कारण ती ताणलेली असताना सुटली तर बोटे मोडू शकतात. जुळणारा पूर्ण सांगाडा मिळेपर्यंत त्या सीटवर मी कोणालाही बसवत नाही.