घारीत काय बघायचं?

रविवार, ९ मार्च

आठवडाभरानंतर ऊन पडलं. सकाळी कपडे बागेतल्या दोरीवर टाकले आणि आईला म्हटलं, चल, डोंगरावर जाऊ, घारी बघायला.

"घारी? त्यात काय बघायचं गं?"

तिचंही बरोबर. वाईजवळच्या आमच्या घरी कोंबडीने पिल्लं काढली की अंगणात राखण बसायचं काम माझ्याकडे असे. आभाळात घार गिरक्या घेऊ लागली की हातातली काठी आपटत नरडं फाटेस्तोवर ओरडायचं. दर वेळी एक-दोन पिल्लं जायचीच, आणि बोलणी मला बसायची. घारीकडे कौतुकाने बघावं असं त्या अंगणात कुणाच्या डोक्यातही आलं नसतं.

इंग्लंडमधल्या आमच्या हाय विकमपासून वॉटलिंग्टन हिल हा डोंगर गाडीने अर्ध्या तासावर. गाडी वरच लावता येते, त्यामुळे आईच्या गुडघ्यांना चढ नाही. माती पांढरी, खडूची, आणि मधेमधे गारगोट्या. उतारावर गवत छाटून काढलेला एक लांबुळका पांढरा त्रिकोण आहे. गावातल्या चर्चला कळस हवा होता म्हणे, म्हणून १७६४ साली इथल्या एका जमीनदाराने तो डोंगरावरच कोरून घेतला. त्याच्या घरातून पाहिलं की चर्चला कळस असल्यासारखं दिसायचं. "हौसेला मोल नाही," आई म्हणाली. तिला घारींपेक्षा हे जास्त आवडलं.

मग वारा सुटला. खालच्या शेतांवरून येणारा वारा डोंगराला थडकून वर चढतो आणि घारी त्यावर नुसत्या टेकून राहतात. आज एक अशी आमच्या पायांखालून गेली. घारीची पाठ मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. खालून बघायची सवय असलेल्याला ती ओळखूच येत नाही. भाजलेल्या विटेचा रंग, त्यावर गडद काठ, राखाडी डोकं. शेपटी मात्र चुकायची नाही. आपल्याकडच्या घारीची शेपटी जेमतेम खाचलेली असते, हिची चांगली खोल दुभंगलेली. पंख स्थिर ठेवून ती फक्त शेपटी या कुशीवरून त्या कुशीवर वळवत होती, नावाडी सुकाणू वळवतो तशी. दहा मिनिटांत पंख दोनदा हलले असतील.

पंख पसरले की जवळपास सहा फूट, आणि वजन साधारण किलोभर, असं मी आईला सांगितलं.

"किलोभर? मग आपली कोंबडी हिच्याहून भारी की."

तेच तर. पायात फारसा जोर नाही, म्हणून ही तांबडी घार बहुतेक मेलेल्या जनावरांवर आणि गांडुळांवर जगते. नांगरलेल्या शेतात चक्क चालत फिरते. कधीकाळी लंडनच्या गल्ल्यांतली घाण हीच साफ करायची. पुढे तिच्यावर चोरीचा आळ आला. कोंबड्यांची पिल्लं, जमीनदारांच्या शिकारीचे पक्षी, सगळं तिच्या नावावर जमा झालं. गोळ्या, विष, सापळे. १८७१ पर्यंत इंग्लंडमधून ती संपली, वेल्सच्या डोंगरांत थोड्या जोड्या तगल्या.

"बरोबरच केलं त्यांनी," आई म्हणाली. अंगण अजून तिच्या डोक्यातून गेलेलं नाही.

१९८९ ते १९९४ या काळात इथल्या चिल्टर्न डोंगरांत सुमारे ९० पक्षी सोडले, बहुतेक स्पेनमधून आणलेले. विमानाने! १९९२ पासून इथे पिल्लं होऊ लागली आणि आज मोटारवेवरसुद्धा घारी दिसतात, रस्त्यावर चिरडलेले ससे टिपायला टपलेल्या. आणि आता २०२२ पासून उलटी वरात: इंग्लंडमधली पिल्लं स्पेनच्या एक्स्ट्रेमादुराला धाडली, कारण तिथल्या घारी कमी झाल्यात. माहेरचं देणं फेडल्यासारखं.

मी गेल्या वर्षी केलेला गाढवपणा मात्र आईला सांगितला नव्हता, तो आज सांगून टाकला. चिकन साफ करताना निघालेले तुकडे मी बागेत टाकायचे. चार दिवसांत सात-आठ घारी ठरल्या वेळी हजर. मला वाटलं, पुण्य लागतंय. मग एकीने शेजारच्या मुलाच्या हातातलं सँडविच पळवलं, त्याच्या बोटाला ओरखडा आला, आणि शेजारीण दारात उभी. तिच्याकडूनच कळलं की असं खायला घालू नका म्हणून इथली जाणकार मंडळी सारखी सांगत असतात. ओरखडा ही तर बारीक गोष्ट. नुसतं हाडंविरहित मांस खाऊन पिल्लांना कॅल्शियम पुरत नाही, हाडं ठिसूळ होतात. मी किती निगुतीने हाडं बाजूला काढत होते! मेलेला उंदीर हाडाकातड्यासकट खाल्ला तर तिचं भागतं. अर्थात तो विष घातलेल्या उंदरांपैकी नसला तर.

परतताना यू वृक्षांच्या सावलीत बसलो. वरून शीळ आली, लांब, हेलकावे खाणारी. आई मान वर न करता म्हणाली, "आपली घार अशी ओरडत नाही. ही जरा लाडात आलेली वाटते." मी सात वर्षं इथे राहते, हा फरक माझ्या कानाला अजून पकडता येत नाही. दुर्बीण तिला द्यायला गेले तर म्हणाली, डोळ्यांवर दाब येतो.

समोर एका जोडीतली एक मेंढीच्या लोकरीचा पुंजका पायात घेऊन झाडीत शिरली. घरट्याचे दिवस आलेत, महिनाअखेरीला अंडी सुरू होतील. काड्यांवर लोकर अंथरतात, आणि वर चिंध्या, पिशव्या, मुलांची खेळणी, दोरीवरचे आतले कपडेसुद्धा, जे हाती लागेल ते.

"दोरीवरचे?"

"हो, मोजे, चड्ड्या, काहीही."

गाडीत बसेपर्यंत ती गप्प होती. घरी आल्यावर चहा टाकायच्या आधी बागेत गेली. मी खिडकीतून पाहिलं: माझे कपडे होते तसेच होते, तिच्या परकराला मात्र सहा चिमटे लागले होते.