साबोनिसपाशी पेन अडलं

१४ डिसेंबर २०२५, रविवार

उन्हाळ्यात करार केलेल्या बहुतेक खेळाडूंना उद्यापासून, म्हणजे १५ डिसेंबरपासून, ट्रेडमध्ये (संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीत) घालता येतं. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा खरा बाजार उद्या उघडणार, आणि आमचं सॅक्रमेंटो किंग्ज पश्चिम विभागाच्या तळाशी गाळात रुतलेलं.

दुपारी जेवण झाल्यावर डायरीच्या मागच्या पानावर रोस्टर, म्हणजे संघातल्या खेळाडूंची यादी, लिहून काढलं आणि नावापुढे वय टाकलं. वेस्टब्रुक ३७, डरोझन ३६, श्रोडर ३२, लव्हीन ३०. ही मंडळी २०१७ साली एकत्र आली असती तर मी पेढे वाटले असते. आज ती यादी आमच्या सोसायटीच्या कमिटीची वाटली.

लव्हीनचा यंदाचा पगार पावणेपाच कोटी डॉलरच्या घरात. ट्रेडमध्ये दोन्ही बाजूंच्या पगाराचा मेळ बसवावा लागतो, म्हणजे त्याच्या बदल्यात येईल तोही कुणाच्या तरी गळ्यातला धोंडाच असणार. फॉक्ससारखा वाऱ्यासारखा पळणारा गार्ड स्पर्सला देऊन हे पदरात पडलं. कीगन मरेच्या नावाभोवती मात्र गोल केला. त्याला हात लावायचा नाही.

साबोनिसपाशी पेन अडलं.

ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये किंग्ज आणि पेसर्स सराव सामने खेळले. पहिला शाळकरी पोरांसाठी होता, दुसऱ्याचं तिकीट मी काढलं. किंग्ज १०६-१३० असे आपटले, तरी मी त्यांचाच झालो. का, तर मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे! एवढ्या एका धाग्यावर माणूस सहा वर्षं लटकतो. साबोनिस तेव्हा समोरच्या पेसर्सचा होता.

मग फेब्रुवारी २०२२. त्याला आणायला किंग्जनी आपला तरुण हॅलिबर्टन पेसर्सला देऊन टाकला. ट्रेड बरोबर आहे असं म्हणणाऱ्या मित्राशी मी दोन दिवस धड बोललो नाही. पण पुढच्याच मोसमात ४८ विजय, सोळा मोसमांच्या दुष्काळानंतर प्लेऑफ (मोसमाअखेरची बाद फेरी), आणि जिंकलं की स्टेडियमवरून आकाशात जाणारा जांभळा झोत. पहिल्या फेरीतला निर्णायक सातवा सामना आपल्याकडे १ मेला मध्यरात्रीनंतर होता. महाराष्ट्र दिनाची सुट्टी, म्हणून जागलो. समोरच्या वॉरियर्सच्या करीने ५० गुण ठोकले, आम्ही हरलो आणि झेंडावंदनाच्या वेळी मी चादर डोक्यावर घेऊन पडलो होतो. मित्राला फोन करून 'तुझं बरोबर होतं' म्हटलं ते मात्र त्याआधीच.

यंदा जूनमध्ये हॅलिबर्टन पेसर्सला अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत घेऊन गेला. मित्राने फोन केला नाही, तेवढी माणुसकी आहे त्याच्यात.

आता खरं सांगायचं तर साबोनिस जावा. करार २०२८ पर्यंतचा, गुडघा दुखावलेला, आणि संघ हरणारच असेल तर निदान ड्राफ्टसाठी, म्हणजे नवे खेळाडू निवडताना वरचा क्रमांक मिळावा म्हणून तरी हरावा. तळाच्या तिघांना पहिल्या क्रमांकाची १४ टक्के संधी असते. (दुसरा क्रमांक आम्हाला २०१८ मध्ये मिळाला होता. डॉन्चिच शिल्लक असताना बॅगलीला घेतलं. तो विषय नको.) पण साबोनिसला विकायचं म्हणजे हॅलिबर्टन फुकट गेला हे कबूल करायचं, आणि तिथेच हात थांबतो.

बाबांची चेतक अशीच जिन्याखाली उभी होती. कुणी गिऱ्हाईक आलं की, "आत्ताच तर इंजिन केलंय, कमी भावात नाही द्यायची." इंजिन केलं तेव्हा मी आठवीत होतो. शेवटी तिची सीट उंदरांनी खाल्ली आणि भंगारवाल्याने ती किलोवर नेली.

संध्याकाळी चहा घेऊन पुन्हा बसलो आणि साबोनिसच्या नावावर काट मारली. एकच रेघ, पण सरळ.

मग शेजारी बारीक अक्षरात लिहिलं: ड्राफ्टच्या पहिल्या फेरीचे निदान दोन पिक मिळाले तरच.