एक खूण आपल्याजवळ ठेवा

"फोटोत कान दाखवू नका," सोलापूरच्या कन्ना चौकातले चहावाले मामा म्हणाले.

वरातीच्या फटाक्यांना बुजून पळालेलं तपकिरी कुत्रं त्यांच्या गाड्याखाली थरथरत बसलं होतं. गळ्यात पट्टा, पण त्यावर नंबर नाही. "डाव्या कानाला चीर आहे बघा. ती आपल्यातच राहू द्या. खरा मालक आपणहून सांगेल."

फोटो गल्लीच्या ग्रुपवरून यंत्रमाग कारखान्यात, तिथून विडी कामगारांच्या वस्तीत पोचला. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, ज्यानं त्यानं आपल्या भाषेत दोन ओळी लिहून पुढं पाठवला. एकजण "माझंच हाय" म्हणत आला. खूण विचारली, गप्प झाला.

संध्याकाळी साखर पेठेतून एक आजी आल्या. कुत्र्याला बघायच्या आधीच म्हणाल्या, "कान फाटलाय की हो त्याचा, मांजरानं."

मामांनी त्यांना बसवून चहा पाजला. पैसे घेतलेच नाहीत.

कुत्र्याच्या कातडीखाली बसवतात त्या मायक्रोचिपमध्ये 15 अंकी नंबर असतो, पण तो वाचायला स्कॅनर लागतो. पट्ट्यावर मोबाइल नंबर लिहायला एक मार्कर पुरतो, आणि तो रस्त्यावरच्या कुणालाही वाचता येतो. लग्नसराईत, दिवाळीत तर हे हवंच.

तुमच्या कुत्र्याच्या पट्ट्यावर नंबर आहे?